रेंज कमी आहे म्हणून गायक बदलायचा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीत चौघांचा मेटलकोअर (हेवी मेटल आणि हार्डकोअर पंक यांचं मिश्रण) बँड, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, गिटार ड्रॉप सीमध्ये (सर्वांत जाड तार सी, म्हणजे पांढरी एकला उतरवलेली), पहिलंच गाणं मराठीत आणि रेकॉर्डिंग घरी लॅपटॉपवर. कोरसमध्ये वरच्या काळी पाचला (पेटीची पाचवी काळी पट्टी) आवाज पोचत नाही, पोचला तर फाटतो. हाय स्क्रीम, म्हणजे उंच किंचाळी, जमत नाही. ग्रोल, म्हणजे खोल गुरगुर, जमतो, पण रेकॉर्डिंगमध्ये 'डब्यातून आल्यासारखा' वाटतो. बाकीचे तिघं म्हणतायत की मोठ्या रेंजचा गायक शोधू, नाहीतर वर्गणी काढून भारीतला माइक घेऊ. तुम्ही विचारताय की यातलं नेमकं काय करावं.

मी सांगली-मिरज रस्त्यालगत छोटा स्टुडिओ चालवतो. पोट भरतं ते भजनी मंडळं, शाहीर आणि ऑर्केस्ट्रा यांच्यावर. मेटलवाली पोरं अधूनमधून येतात आणि सगळ्यांत जास्त वेळ खातात, पण त्यांच्यासोबत काम करायला मला मजा येते. तुमचं रेकॉर्डिंग मी ऐकलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या वर्णनावर बेतलेलं आहे. तुमचा स्क्रीम फ्राय पद्धतीचा आहे की फॉल्स कॉर्डचा (दोन्ही पुढे सांगतो), खोली कसली आहे, माइक हातात धरता की स्टँडवर, यावर बरंच अवलंबून आहे. तरी एवढं दिसतंय की इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात: स्क्रीमची उंची, कोरसची पट्टी आणि रेकॉर्डिंग. गायक बदलून यातली फार तर एक सुटेल. माइक बदलून बहुतेक एकही नाही.

स्क्रीमपासून सुरू करतो, कारण गैरसमज तिथे सगळ्यांत जास्त आहे. कोरसला ज्या अर्थाने रेंज असते, त्या अर्थाने ती स्क्रीमला नसते. गाताना स्वरतंतू नियमित कंप पावतात. सेकंदाला ४४० वेळा हलले की पांढरी सहा वाजते. स्क्रीममध्ये हाच नियमितपणा मुद्दाम मोडलेला असतो. खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर आणखी दोन घड्या असतात. फॉल्स कॉर्ड पद्धतीत त्या जवळ येऊन थरथरतात. फ्रायमध्ये झोपेतून उठल्याउठल्या जो करकरता आवाज येतो, तोच दाब देऊन पुढे नेतात. दोन्हींत कानाला ठाम सूर मिळत नाही, खरखर मिळते. मग हा हाय आणि हा लो, हे कान ठरवतो कशावरून? त्या खरखरीतला जोर कुठल्या फ्रिक्वेन्सीला गोळा झालाय त्यावरून. आणि तो जोर कुठे गोळा व्हायचा हे बऱ्याच अंशी जीभ, ओठ आणि जबडा ठरवतात.

करून बघा. तुम्हाला जमतो तो ग्रोल हळू आवाजात धरा आणि घशात काहीही न बदलता तोंडाने ऊ, ओ, आ, ॲ, ई असा आकार बदलत न्या. ऊ म्हणताना तोंडाच्या पोकळीचा दुसरा अनुनाद हजार हर्ट्झच्या खाली असतो, ई म्हणताना तो दोन हजारांच्या वर जातो. घसा तेवढंच काम करत असतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की स्क्रीम वर चढला. खरा हाय स्क्रीम करताना स्वरयंत्रही थोडं वर सरकतं, हवेचा दाब बदलतो, ते सरावाने येतं. पण पहिल्या गाण्यापुरती तुमची अडचण ॲ आणि ई नीट उघडले तर निम्म्याहून कमी होईल असा माझा अंदाज आहे.

आता याचा थेट संबंध तुमच्या शब्दांशी येतो. तुम्ही लिहिलेली ओळ आहे 'मोडून टाक ही भिंत', आणि ताणायचं आहे शेवटच्या शब्दावर. इथेच अडतंय. 'भिंत'मध्ये इ ऱ्हस्व, लगेच अनुस्वार, लगेच त. अनुस्वार आला की पडजीभ खाली येते, हवा नाकातून निघते आणि स्क्रीमचा दम जातो. मग तुम्ही तो भरून काढायला घशावर जोर देता. ओळ फिरवा: 'ही भिंत मोडून टाक'. आता 'टा'वरचा आ मनसोक्त ताणता येतो आणि शेवटी 'क' कट्टकन तोडता येतो, बरोबर स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर. तीच ओळ ग्रोलमध्ये हवी असेल तर ऊ किंवा ओ असलेला शब्द शेवटी आणा. मराठीत ही सोय भरपूर आहे. आपली क्रियापदं आ, ओ, ऊ, ई कशावरही संपतात, फक्त ओळ लिहिताना तोंडाने म्हणून बघायची सवय लावावी लागते. वहीत छान दिसणारी ओळ माइकसमोर मरते, हे शाहिरांना कुणी सांगावं लागत नाही. पोवाड्यातल्या ओळीचा शेवट बघा, ताणायची जागा बहुतेक उघड्या स्वरावरच असते.

आवाजाच्या मोठेपणाबद्दलही एक सांगतो. चांगला स्क्रीमर समोर उभा राहिला की पहिल्यांदा ऐकणाऱ्याची निराशा होते, कारण तो कानाला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ हळू ओरडत असतो. जोरात बोलण्याच्या आसपास. अंगावर येणारा जो आकार आपण रेकॉर्डवर ऐकतो तो माइक आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारा) देतात. तुम्ही खोलीत ड्रमवर मात करायला ओरडत असाल तर ती सवय आधी मोडा. प्रॅक्टिसला कानात मॉनिटर घ्या, साधे इअरफोनसुद्धा चालतील.

मग हाय स्क्रीम हवाच का? गाण्यावर आहे. पार्कवे ड्राइव्ह या बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्सवर क्लीन, म्हणजे खरखर नसलेलं सुरातलं, गाणं जवळपास नाही, तरी कुणाला काही कमी वाटत नाही. मुंबईच्या 'भयानक मौत' या बँडने दोन गायक ठेवून वेगवेगळे पोत मिळवले. स्पिरिटबॉक्स या बँडची कोर्टनी लाप्लांट क्लीन आणि स्क्रीम दोन्ही एकटीच करते. रस्ते तीन, पण तिन्हीकडे एक आवाज संपून दुसरा येतो तेव्हा फरक लख्ख कळतो. श्रोत्याला तुमची रेंज किती सप्तकांची आहे ते मोजायचं नसतं, त्याला तो फरक हवा असतो. तुम्ही व्हर्सभर, म्हणजे कडवंभर, लो ग्रोल करताय, प्री-कोरसला लो ग्रोल, ब्रेकडाउनलाही (गाणं संथ आणि जड होतं तो भाग) तोच. ब्रेकडाउन येईपर्यंत कान त्याला सरावलेला असतो. व्हर्स मिड स्क्रीममध्ये (ना उंच, ना खोल), आ आणि ॲवर करा. ग्रोल फक्त ब्रेकडाउनसाठी राखून ठेवा. तो आहे तेवढाच खोल राहील, पण ऐकणाऱ्याला दुप्पट खोल वाटेल.

आता कोरस. इथे रेंज खरोखरच रेंज असते आणि इथे तुमच्या बँडने चुकीच्या टोकाकडून सुरुवात केलीय. आधी गिटारवाल्याने ड्रॉप सी लावलं, मग रिफ, मग त्यावर कोरसची चाल, आणि सगळ्यांत शेवटी ती गळ्यात बसते का हे पाहिलं. भजनात असं कुणी करत नाही. बुवा आधी विचारतात, 'आज काळी चार की पाच?', आणि पखवाज त्याप्रमाणे लावला जातो. तुम्ही लिहिलंय की छातीच्या आवाजात वरच्या पांढरी चारपर्यंत आरामात जाता. ती साधारण ३४९ हर्ट्झ. तुमचा कोरस जातो काळी पाचला, ४६६ हर्ट्झ. तब्बल पाच पट्ट्यांचा फरक आहे. एवढं अंतर सरावाने चार-सहा महिन्यांत भरून निघेल असं मी सांगणार नाही. काहींचं निघतं, बहुतेकांचं नाही, आणि त्या नादात गळा खराब करून घेणारे मात्र पुष्कळ.

त्यापेक्षा हिशेब करा. ड्रॉप सीमध्ये तुमचा सा पांढरी एक, आणि कोरसची सर्वांत उंच जागा म्हणजे वरचा कोमल नी. गिटार आणखी एक सूर खाली, ड्रॉप ए शार्पमध्ये आणली की सा होतो काळी पाच. आता चालीतली उंच जागा नीऐवजी पंचमावर आणा. काळी पाचचा पंचम कुठे येतो? पांढरी चारवर, म्हणजे बरोबर तुमच्या आरामाच्या टोकावर. कोरस टोकाला गेल्यासारखा वाटायला गायक त्याच्या टोकाला असावा लागतो. ते टोक पियानोवर कुठे आहे याच्याशी श्रोत्याला देणंघेणं नसतं. किलस्विच एंगेज या बँडमध्ये गायक हॉवर्ड जोन्स आला आणि २००४ चा अल्बम निघाला, तो ऐका. भारदस्त, खालच्या बाजूचा आवाज आहे, आणि कोरस केवढे मोठे वाटतात ते बघा.

चाल बदलायची नसेल तर दुसरी वाट: मुख्य आवाज खाली ठेवा आणि वरचा पदर दुसऱ्याला द्या. तुमच्या बँडमध्ये एक तरी जण असा निघेल की जो स्क्रीम करणार नाही पण वरच्या पट्टीत सुरात गाऊ शकतो. गिटारवाल्याला विचारा. त्याचा आवाज पातळ असला तरी चालतो, उलट बरा. वर तिसऱ्या सुराची हार्मनी मुख्य आवाजापेक्षा आठ-दहा डीबी खाली ठेवली की ती वेगळी ऐकू येत नाही, पण काढली की कोरस खचतो.

सुराबद्दल जाता जाता. डिस्टॉर्शनवाल्या गिटारवर बेसूर गाणं लपतं असं वाटतं, म्हणून पोरं निर्धास्त असतात. मग मिक्समध्ये गिटार जराशी खाली आली की सगळं उघडं पडतं. सराव गिटारवर करू नका, तानपुऱ्यावर करा. तानपुरे-सतारी बनवणाऱ्यांची मिरजेची सतारमेकर गल्ली तुमच्यापासून अर्ध्या तासावर आहे, पण मोबाइलवरचा तानपुराही पुरतो. सा काळी पाचला लावा आणि कोरस नुसत्या तानपुऱ्यावर, ड्रम-गिटार काही नसताना गा. कुठल्या जागेवर घसरताय ते तिथे लगेच कळतं. पिच करेक्शन सॉफ्टवेअर सगळेच वापरतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सूर जितका मूळचा जवळ, तितकं ते न जाणवता काम करतं.

आता तो 'डबा'. मला जवळपास खात्री आहे की तुम्ही माइकची जाळी मुठीत धरून ग्रोल करताय, व्हिडिओत बघता तशी. साधा कार्डिऑइड (समोरचंच जास्त ऐकणारा) माइक मागचा आवाज टाळतो तो जाळीच्या मागच्या बाजूने आत येणाऱ्या हवेमुळे. मूठ बंद केली की ती वाट बुजते, माइक चारी बाजूंचं ऐकू लागतो आणि मधल्या फ्रिक्वेन्सीचा फुगवटा येतो. ग्रोल त्या क्षणी हातात मोठा वाटतो. रेकॉर्डवर तोच डबा, वर खोलीतला घुमारा फुकट. उघड्या भिंतींची, फरशीची दहा बाय दहाची खोली असेल तर अजूनच.

माइक स्टँडवर लावा. तोंडापासून चार बोटं अंतर, मध्ये पॉप फिल्टर (प, फचे फुत्कार अडवणारी जाळी). मागे आणि दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या करा. कापसाच्या जाड गाद्या फोमपेक्षा चांगलं काम करतात आणि घरोघरी असतात. गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण) असा ठेवा की सर्वांत मोठा स्क्रीम उणे दहा डीबीच्या आसपास थांबेल. एसएम ५८ हा साधा माइक पुरतो. एसएम ७बी हा भारीतला माइक चांगला आहे, पण त्याला साठेक डीबी गेन लागतो आणि स्वस्त इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) तेवढा गेन दिला की सूंऽऽ ऐकू येतं. म्हणजे माइकमागे आणखी एक खर्च. क्लीन आधी रेकॉर्ड करा, स्क्रीम नंतर, कारण स्क्रीम करून थकलेला गळा सुरात बसत नाही. दोन-दोन ओळी करा. सलग घ्यायचा हट्ट नको.

मिक्समध्ये मी काय करतो ते सांगतो, आकडे सुरुवातीचे समजा. ग्रोलला ८०, हाय आणि मिडला १२० हर्ट्झच्या खालचं कापतो. तीनशे ते पाचशेत डबा असतो, तिथून थोडं काढतो. मग दोन कॉम्प्रेसर एकापाठोपाठ: पहिला वेगवान, सहा-आठ डीबी पकडणारा, दुसरा संथ, तीनेक डीबीचा. एकालाच सगळं काम दिलं की आवाज धापा टाकतो. त्यावर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलकं डिस्टॉर्शन. ई आणि स, श यांची धार सहा ते आठ हजारांत टोचते, तिथे ती धार दाबणारा डीएसर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गिटार. स्क्रीमचे शब्द कळतात दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये आणि डिस्टॉर्शनवाली गिटारही तिथेच ठाण मांडून असते. आवाज वर करत राहण्यापेक्षा, आवाज आला की गिटार त्या पट्ट्यात दोन-तीन डीबी खाली जाईल असा डायनॅमिक इक्यू लावा. गिटारवाला कुरकुर करेल. त्याला फक्त आधी-नंतर ऐकवा, कुठलं काय हे न सांगता.

थर देताना एक बारीक गोष्ट नीट करा, कारण घरगुती रेकॉर्डिंग इथेच ओळखू येतं. मधोमध मुख्य मिड स्क्रीम, खाली हळू ग्रोल, डाव्या-उजव्या बाजूला ईच्या आकारात केलेले दोन हाय, असं रचलं की एकच माणूस टोळीसारखा वाटतो. पण 'टाक'मधला ट चार ट्रॅकवर चार वेगवेगळ्या क्षणी पडतो आणि पत्र्यावर गारा पडल्यासारखं ऐकू येतं. मुख्य ट्रॅकचा ट तेवढा ठेवा, बाकी तिघांचा कापून फक्त आऽऽ ठेवा, आणि शेवटचा क सुद्धा एकाच ट्रॅकचा. एका ओळीला पाच मिनिटं जातात. ती द्या. थर सगळीकडे नकोत, ओळीच्या शेवटी आणि ब्रेकडाउनला पुरे. रिव्हर्ब (घुमारा) आखूड, आणि फक्त ताणलेल्या शब्दाच्या शेपटीला डिले (प्रतिध्वनी).

एवढं सगळं केलं तरी नसलेला फरक प्रॉडक्शन निर्माण करत नाही. सात थर लावलेला एकसुरी ग्रोल हा जाड एकसुरी ग्रोलच असतो. म्हणून शब्द, आवाजाची वाटणी आणि पट्टी या गोष्टी आधी लावा, लॅपटॉप त्यानंतर उघडा.

गळ्याबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने घ्या. स्क्रीमने घशात खाज, कोरडेपणा वाटणं सुरुवातीला होतं. दुखलं की त्या दिवशी थांबायचं. दुसऱ्या दिवशीही बोलण्याचा आवाज बसलेला असेल तर पद्धत चुकतेय. दोन-तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्या. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी असताना हे टाळायला काही कारण नाही. रात्री अकराला तिखट भडंग खाऊन आडवं व्हायचं आणि सकाळी गळा का जड म्हणून विचारायचं, हेही बंद करा. पित्त वर येतं ते स्वरतंतूंपर्यंतही पोचू शकतं.

कार्यक्रम करायचा असेल तर साउंडवाल्याशी आधी बोला. आपल्याकडचे बहुतेक जण ऑर्केस्ट्रात मुरलेले, गायक दिसला की हात आपोआप इकोच्या बटणाकडे जातो. भावगीताला ते शोभतं, स्क्रीमला लावलं की शब्दांचा चिखल होतो. नम्रपणे सांगा, 'काका, इको पूर्ण बंद, आणि मॉनिटरमध्ये फक्त माझा आवाज आणि स्नेअर द्या.' माइक मुठीत धरू नका, तिथे तर शिट्टीच वाजेल.

वर्गणीच्या पैशांतून आधी गिटारला जाड तारा घ्या आणि नीट सेटअप करून घ्या, कारण ड्रॉप ए शार्पला सध्याच्या तारा लोंबतील आणि सूर हलत राहील. खालची तार साठच्या गेजची किंवा त्याहून जाड. उरले तर पॉप फिल्टर आणि स्टँड. गायक बदलायचा विषय नव्या पट्टीत एकदा रेकॉर्ड होईपर्यंत बाजूला ठेवा. झालं की स्क्रीमचा आणि कोरसचा नुसता आवाज, कुठलाही इफेक्ट न लावता, इथे टाका. पूर्ण मिक्स नको, त्यात तुमचा आवाज मला सापडणार नाही.